डाय टाकलेल्या फोटोची कुळकथा

लंडनच्या रिकमन गॉडली यांनी १८८४ साली मेंदूतली गाठ काढली, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला अकरा वर्षं होती. झटके आणि हातातला अशक्तपणा यांवरून गाठीची जागा ताडलेली होती. पुढे किरण आले, पण त्यांनी दाखवली कवटी.

वाट काढली बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी. पोटाच्या फोटोत आतड्यातला वायू हाडावरूनही ठळक उमटतो, हे पाहून १९१८ मध्ये त्यांनी मेंदूच्या पोकळ्यांतलं पाणी काढून तिथे हवा भरली. पोकळी दबलेली, सरकलेली दिसली की शेजारी गाठ आहे असं धरायचं. तपासणी त्रासाची, कधी जिवावरचीही. १९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी धमनीत औषध सोडून रक्तवाहिन्या टिपल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. होमी दस्तूर यांनी मेंदूच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या, तेव्हाही भिस्त याच दोन युक्त्यांवर होती.

१ ऑक्टोबर १९७१ला विम्बल्डनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने एका बाईच्या कपाळामागची गाठ थेट दाखवली. यंत्र बनवणारी ईएमआय ही गाण्यांच्या तबकड्या काढणारी कंपनी!

मग एमआरआय आला, आणि १९८८च्या सुमारास गॅडोलिनियमचं इंजेक्शन. विदर्भातल्या मेहकरात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘डाय टाकून एमआरआय’ येतो तो हाच. निरोगी मेंदूत हे औषध रक्तवाहिनीबाहेर पडत नाही. गाठीपाशी भिंत झिरपते, म्हणून तिथे पांढरं चमकतं. म्हणजे फिल्मवर दिसते ती गळती.

खरी गोची उपचारानंतर होते. स्टिरॉइडने गळती कमी होते, फिल्म सुधारते, गाठ मात्र तेवढीच. उलट रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधानंतर काही जणांत गळती काही महिने वाढते आणि बरा होत असलेला रोगी फिल्मवर बिघडलेला दिसतो. पुन्हा ऑपरेशन करायचं का, हे यावर ठरवायचं असतं. उपचार लागू पडला की नाही हे ठरवायच्या मॅकडोनाल्ड यांच्या १९९०च्या निकषांत गाठीचे दोन आडवे-उभे व्यास गुणायचे. गुणाकार निम्म्यावर आला तर उपचार लागू, पाव हिश्शाने वाढला तर गाठ वाढली. २०१०च्या ‘रॅनो’ निकषांनी त्याला लगाम घातला: रेडिएशननंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत, किरण दिलेल्या भागाबाहेर नवी गाठ नसेल आणि तुकडा तपासून खात्री झाली नसेल, तर वाढ म्हणू नये.

म्हणून मेहकरहून परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघणाऱ्यांनी पिशवीत जुन्या फिल्मही घ्याव्यात, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या किती चालू होत्या ती चिठ्ठीही. ‘रॅनो’ निकषांच्या तक्त्यात त्या डोसला स्वतंत्र ओळ आहे.