पुंगळीचा पुनर्जन्म

‘मास इफेक्ट’ या विज्ञानकथेच्या खेळाचा पहिला भाग २००७ साली आला, तेव्हा त्यातल्या बंदुकांच्या गोळ्या कधी संपतच नसत. बंदुकीच्या पोटात धातूचा एक ठोकळा असे. खटका दाबला की त्याचा वाळूच्या कणाएवढा कपचा तासला जाई, त्याचं वस्तुमान कमी केलं जाई आणि तो अफाट वेगाने सुटे. एक ठोकळा हजारो फैरींना पुरे. अडचण एकच, उष्णता. तापमानाची पट्टी भरली की बंदूक बंद पडे आणि ती निवेपर्यंत आडोशाला दबा धरून बसावं लागे.

२०१० च्या दुसऱ्या भागात हे सगळं बदललं. बंदुकीत ‘थर्मल क्लिप’ आली. फैरींची उष्णता ही क्लिप शोषते, भरली की बाहेर फेकली जाते आणि नवी चढवावी लागते. खेळातली बखर कारण सांगते ते असं: ढाली भेदायच्या तर कमी वेळात जास्त फैरी झाडणारा जिंकतो, हे गेथ नावाच्या यंत्रमानवांनी हेरलं, आणि बाकीच्यांनी त्यांचं अनुकरण केलं.

या क्लिपचं मूळ कुठलं? बहुतेक जण ‘बॅटलटेक’कडे बोट दाखवतात. १९८४ सालच्या या पटावरच्या खेळात अजस्र चालत्या यंत्रांच्या प्रत्येक शस्त्राला उष्णतेचे गुण आहेत, मध्यम लेसरला ३, पीपीसी या कण-तोफेला १०. अंगावरचे हीट सिंक ती उष्णता दर फेरीत थोडी थोडी बाहेर टाकतात. ती साठत गेली तर दारूगोळ्याचा स्फोटही होतो. पहिला ‘मास इफेक्ट’ याच घराण्यातला, हे मला मान्य आहे. पण बॅटलटेकचा हीट सिंक कुणी भरला म्हणून काढून फेकत नाही. ‘हेलो’ या खेळातली प्लाझ्मा रायफलही तापते आणि निवते, तिची बॅटरी संपली की अख्खी रायफलच टाकून द्यावी लागते. तापलेला तुकडा तेवढा फेकायचा आणि बंदूक हातात ठेवायची, ही कल्पना या दोन्हींत नाही.

ती आहे काडतुसाच्या पितळी पुंगळीत. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीच्या जी-११ रायफलबद्दल वाचताना मला हा दुवा लागला. या रायफलच्या ४.७३ मिलिमीटर काडतुसाला पुंगळीच नव्हती. दारूचाच घट्ट ठोकळा आणि त्यात बसवलेली गोळी. वजन कमी, बाहेर फेकायचं काही नाही, कागदावर सारंच छान. चाचण्यांत मात्र तापलेल्या कोठीत शिरलेलं काडतूस खटका न दाबताच पेटू लागलं. पुंगळी वायू अडवून धरते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण फैरीची बरीचशी उष्णता अंगावर घेऊन तीच बाहेर उडते, याकडे सहसा लक्ष जात नाही. पुंगळी काढली आणि ती उष्णता बंदुकीतच मुरली. मग डायनामिट नोबेल कंपनीला जास्त तापमानाला पेटणारी दारू तयार करावी लागली. जर्मनीच्या एकीकरणानंतर तो प्रकल्प गुंडाळला गेला.

आता ‘मास इफेक्ट’ पुन्हा पाहा. पहिल्या भागाची बंदूक पुंगळीविना, म्हणून तापणारी. दुसऱ्या भागात उष्णता घेऊन बाहेर पडणारा तुकडा परत आला. ही पुंगळीच, फक्त एका फैरीऐवजी अनेक फैरींची. १९८६ च्या ‘एलियन्स’ चित्रपटातही पुंगळी अशीच परत येते. तिथली पल्स रायफल कथेत पुंगळीविरहित, पण चित्रीकरणासाठी ती थॉम्पसन सबमशीनगनवर बेतलेली, आणि थॉम्पसनमधून पुंगळ्या उडणारच.

विरोधी मत सोपं आहे: ‘गिअर्स ऑफ वॉर’सारख्या खेळांनी खेळाडूंना मॅगझिन बदलायची सवय लावली होती, ‘मास इफेक्ट’ला तसाच ठेका हवा होता, बाकी कथा मागाहून चिकटवली. गरज तिथून आली हे खरं. कथा घाईत चिकटवल्याची खूणही आहे: दुसऱ्या भागात ‘ह्यूगो गर्न्सबॅक’ हे जहाज दहा वर्षांपूर्वी एका ग्रहावर कोसळलेलं, तरी तिथे थर्मल क्लिपा पडलेल्या सापडतात, आणि त्या काळात क्लिपा नव्हत्याच. पण गरजेने घेतलेलं रूप पुंगळीचं आहे, आणि याचा सर्वांत पक्का पुरावा खुद्द खेळाच्या नियमांत आहे. बखरीनुसार कुठलीही क्लिप कुठल्याही बंदुकीला चालते. प्रत्यक्ष खेळताना स्नायपर रायफलचा साठा संपला की पिस्तुलाच्या शिल्लक क्लिपा तिला लावता येत नाहीत. चाहते याला चूक म्हणतात. उष्णतेच्या हिशेबात ती चूकच आहे, पण काडतुसाच्या हिशेबात तंतोतंत बरोबर, कारण पिस्तुलाचं काडतूस रायफलमध्ये बसत नाही. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात काडतूसच होतं, असं मी ठामपणे म्हणतो.

जुनी पद्धत मेली मात्र नाही. तिसऱ्या भागाच्या २०१३ मधल्या ‘सिटाडेल’ या पुरवणीत एम-७ लान्सर ही रायफल तापणारी आणि आपोआप निवणारी म्हणून परत दिली गेली, आणि याच मालिकेतल्या २०१७ च्या ‘अँड्रोमेडा’त कोणत्या बंदुकीला जुन्या पद्धतीचा हीट सिंक बसवायचा, हे ठरवण्याची सोय खेळाडूलाच मिळाली.