केशरोपण : खुंट जंबेरीचा, फळ संत्र्याचे

मोर्शी-वरूड पट्ट्यात संत्र्याची बाग बिया लावून कोणी वाढवत नाही. आधी जंबेरीचे बी टाकून पन्हेरी तयार करतात. रोपाचे खोड पेन्सिलीइतके जाड झाले, की त्याच्या सालीला छेद देऊन त्यात चांगल्या संत्र्याच्या झाडाचा डोळा बसवतात. डोळा फुटला, की वरचा जंबेरीचा शेंडा छाटून टाकतात. मुळे जंबेरीची, जमिनीतले पाणी ओढणार जंबेरी; फळ मात्र संत्र्याचे. खुंटाचा परिणाम झाडाच्या जोमावर होतो, पण फळाची जात काही बदलत नाही. ही नेहमीची गोष्ट आम्हाला नव्याने आठवली, ती एका वेगळ्याच निमित्ताने.

मोर्शीच्या आमच्या एका शिक्षक स्नेह्यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर केशरोपण करून घेतले. फळ्यावर लिहायला ते वळले, की मागच्या बाकांवर पौर्णिमेची चर्चा सुरू होई. वरवर ते हसून नेत, पण मनाला लागत असणार. उन्हाळ्याच्या सुटीत, घरच्यांखेरीज कोणाला न सांगता, ते मोठ्या शहरात जाऊन आले. भुलीच्या सुया टोचल्या तेवढ्याच काय त्या दुखल्या, असे ते सांगतात. मग डोक्याच्या मागच्या भागातले केस मुळासकट काढणे आणि माथ्यावर बारीक चिरा देऊन ते बसवणे, यात सारा दिवस गेला. आठ-दहा दिवसांत खपल्या पडल्या, माथ्यावर केसांची खुरटी दिसू लागली आणि स्वारी खूश झाली. तिसऱ्या आठवड्यात मात्र तेच केस उशीवर गळून पडू लागले. त्यांचा फोन आला, "गेला ना जी सारा पैसा पाण्यात!" संत्र्याच्या बागेत आयुष्य काढलेले त्यांचे वडील तेवढे शांत होते. ते म्हणाले, "कलम नव्या जागी लावलं का पानं गयतातच. म्हून झाड मेलं का?"

वडिलांचे म्हणणे बरोबर होते. आपल्याला दिसतो तो केस निर्जीव असतो. जिवंत असते ते त्वचेतील त्याचे मूळ, म्हणजे केसपुटक. जागा बदलल्याच्या धक्क्याने वरचा केस गळतो आणि पुटक सुमारे तीन महिने विश्रांती घेते. नंतर त्यातून नवा केस निघतो आणि महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणून निकाल कळायला वर्ष लागते. चौथ्या महिन्यात आमच्या स्नेह्यांचे केस उगवले. पण तोवर त्यांनी एक अवघड प्रश्न विचारून ठेवला होता. "माह्ये जुने केस याच जागी गयले. मंग नवे कायले टिकतीन?"

हा प्रश्न म्हणजेच केशरोपणाचा इतिहास आहे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर टक्कल पडते तो दोष जमिनीचा की बियाण्याचा? माथ्याच्या त्वचेला रक्त कमी मिळते, ती ताणली जाते, टोपीने गुदमरते, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. हे खरे असते, तर त्या जमिनीत लावलेले प्रत्येक रोप मेलेच असते.

त्वचेचा तुकडा दुसरीकडे बसवण्याच्या कलेचा एक महत्त्वाचा धागा आपल्या पुण्याजवळून जातो. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक बनवले. क्रूसो आणि फिंडले या मुंबई इलाख्यातील दोन शल्यविशारदांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. तिचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला आणि तो वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तसेच नाक तयार केले. या पद्धतीत शल्यविशारदांना आजही एक काळजी घ्यावी लागते. कपाळ अरुंद असेल आणि कातडीबरोबर डोक्याचा केसाळ भाग आला, तर नव्या नाकावर केस उगवतात. नाकावर आली म्हणून त्वचा नाकासारखी वागत नाही. ती आपले मूळ गाव विसरत नाही. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच होते, पण त्या दिशेने कोणी पाहिले नाही.

नाक जोडताना कातडीचा देठ कायम ठेवत, म्हणजे रक्तपुरवठा चालू राही. केस पूर्ण तोडून दुसरीकडे लावला तर? जर्मनीतील योहान डीफेनबाख यांनी १८२२ च्या आपल्या प्रबंधासाठी हा प्रयोग स्वतःच्या दंडावर केला. सहा छिद्रे पाडून त्यांत सहा केस लावले. दोन वाळले, दोन पू होऊन पडले आणि दोन रुजले. सहापैकी दोन म्हणजे पीक काही फार नव्हते, पण केस रुजू शकतो एवढे दिसले.

खरे काम झाले जपानमध्ये. शोजी ओकुदा या त्वचारोगतज्ज्ञाने भाजल्याने केस गेलेल्या रुग्णांच्या डोक्यावर, भुवयांवर आणि मिशीच्या जागी केसाळ त्वचेच्या बारीक गोल चकत्या बसवल्या. गोल पात्याच्या हत्याराने चकती कापायची, तशाच छिद्रात ती बसवायची, अशी त्यांची रीत होती. १९३९ मध्ये त्यांनी हे काम सविस्तर प्रसिद्ध केले, पण जपानी भाषेत आणि महायुद्धाच्या तोंडावर. पश्चिमेकडे ते कित्येक वर्षे कोणाच्या वाचनातच आले नाही. शोध लागणे आणि शोध पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विज्ञानाच्या इतिहासात वारंवार दिसते.

दरम्यान अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये टक्कलाचे कारण शोधले. ज्या पुरुषांचे वृषण तारुण्यापूर्वीच निकामी झाले होते, त्यांना नेहमीचे टक्कल पडत नव्हते. त्यांना पुरुषी संप्रेरक दिल्यावर, घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस गळू लागले. म्हणजे टक्कलाला आनुवंशिकता आणि संप्रेरक या दोन्ही गोष्टी लागतात. टोपीचा संबंध नव्हता.

आता उरला प्रश्न जमिनीचा. तो न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी सोडवला. १९५२ मध्ये त्यांनी टक्कल पडलेल्या माथ्यावर मागच्या भागातील केसांच्या चकत्या लावल्या आणि १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोगाची आखणी वर्गात सांगण्यासारखी आहे. मागची केसाळ चकती टकलावर लावली, तर केस टिकले. उलट, टकलावरची चकती केसाळ भागात लावली, तर ती तिथेही टक्कलच राहिली. जमीन तीच, बियाणे बदलले, तर पीक बदलले. आज आपण जाणतो, की मागच्या आणि कडेच्या पुटकांवर त्या संप्रेरकाचा परिणाम सहसा होत नाही आणि हा गुण ती नव्या जागीही घेऊन जातात. भुवईवर डोक्याचा केस लावला, तर तो डोक्यावरच्यासारखाच लांब वाढतो आणि सारखा कापावा लागतो! जंबेरीवरच्या संत्र्याचीच ही गोष्ट. फरक एवढाच, की झाडाला परक्याचा डोळा चालतो. माणसाचे शरीर परक्याची त्वचा नाकारते. म्हणून भावाचे केस भावाला चालत नाहीत, अपवाद फक्त एकसारख्या जुळ्यांचा.

ओरेंट्राइख यांच्या चकत्या सुमारे ४ मिलिमीटर रुंद असत. तत्त्व पक्के होते, पण डोके वाफ्यात ओळीने लावलेल्या पन्हेरीसारखे दिसे. केस १ ते ४ च्या नैसर्गिक गटांनी उगवतात, हे १९८४ मध्ये जॉन हेडिंग्टन यांनी वर्णन केले. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली हे गट वेगळे करून लावण्याची पद्धत आली, आणि २००२ मध्ये एकेक गट थेट त्वचेतून काढण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. आमच्या स्नेह्यांवर हीच वापरली होती.

जाहिरातीत न येणारी गोष्ट या इतिहासातूनच निघते. केशरोपणाने एकही नवा केस तयार होत नाही. ही बेरीज नव्हे, स्थलांतर आहे. मागच्या भागातून आयुष्यभरात काढता येतील असे गट काही हजारच असतात. विशीतल्या मुलाने पुढची रेषा दाट करून घेतली आणि पुढे माथा उघडा पडला, तर लावायला बियाणे उरत नाही. मधल्या ओसाड जमिनीपुढे केसांचे बेट तेवढे राहते. शिवाय ही शस्त्रक्रिया आहे. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा, एकाच लांबलेल्या बैठकीत हजारो केस लावून घेतल्यानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सूचना काढून स्पष्ट केले, की हे काम प्रशिक्षित डॉक्टरांचे आहे. कार्यशाळा किंवा चित्रफिती पाहून ते शिकता येत नाही.

आमचे स्नेही आज समाधानी आहेत. पण बारावीचा एक विद्यार्थी गळणारे केस घेऊन त्यांच्याकडे सल्ल्याला आला, तेव्हा त्यांनी त्याला शहराचा पत्ता दिला नाही. आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवले, आणि केसांचे म्हणाल तर दहा वर्षे थांब, असे सांगितले. फळ्याकडे वळल्यावर होणाऱ्या पौर्णिमेच्या चर्चेबद्दलही ते आता वर्गात मोकळेपणाने बोलतात.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. कलमाचा पाठ शिकवताना ओरेंट्राइख यांचा प्रश्न मुलांपुढे ठेवा : दोष जमिनीचा की बियाण्याचा, हे ठरवायला तुम्ही कोणते प्रयोग कराल? केसाळ ते टक्कल आणि टक्कल ते केसाळ हे दोन पुष्कळ मुलांना सुचतील. केसाळ ते केसाळ आणि टक्कल ते टक्कल हे उरलेले दोन कशाला हवेत, हे ज्याला सांगता येईल, त्याला तुलनेसाठीच्या प्रयोगाचे महत्त्व समजले असे मानायला हरकत नाही.