शब्दखेळ (इंग्रजी अध्यापनातील)

इंग्रजी शिकणाऱ्यांचा शब्दसंग्रह वाढावा आणि स्पेलिंग पक्के व्हावे, यासाठी वर्गात वापरले जाणारे खेळ व कोडी. शब्दकोडे, शब्दशिडी, हँगमन व स्क्रॅबल हे त्यांतील प्रमुख प्रकार होत.

आधुनिक शब्दकोड्याचे जनक आर्थर विन. त्यांचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये प्रसिद्ध झाले. शब्दशिडी लूइस कॅरल यांनी १८७७ मध्ये शोधली. तीत दर पायरीला एकच अक्षर बदलून नवा शब्द करायचा असतो : कॅट, कॉट, डॉट, डॉग. एका स्वराने वा व्यंजनाने अर्थ कसा पालटतो, हे नवशिक्याला यातून चटकन कळते.

स्क्रॅबलचा मूळ खेळ अमेरिकी वास्तुविशारद ॲल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात तयार केला. वृत्तपत्रांत कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून त्यांनी सोंगट्यांची संख्या व गुण ठरवले. १०० सोंगट्यांपैकी ‘ई’च्या १२ असतात, तर १० गुणांच्या ‘क्यू’ची एकच. ‘क्यू’नंतर बहुधा ‘यू’ येतो, ही गोष्ट ‘क्यू’ हाती अडकलेल्या खेळाडूला वेगळी शिकवावी लागत नाही.

या खेळांतून वाक्यरचना व संभाषण फारसे साधत नाही. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्‌स यांनी फ्रेंच बोलता येत नसतानाही २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेतेपद मिळवले. त्यामुळे शब्दाचा अर्थ सांगून तो वाक्यात वापरल्यावरच गुण देण्याची पद्धत अध्यापनात अधिक उपयुक्त ठरते.