अर्ध्या इंचाचा इतिहास

वाचकहो, गावातल्या साध्या काळ्या सायकलीच्या चेनवर फूटपट्टी ठेवून पाहा. एका खिळीच्या मध्यापासून शेजारच्या खिळीच्या मध्यापर्यंत बरोबर अर्धा इंच भरेल. आता डोंगर चढण्यासाठी केलेल्या अनेक गिअरांच्या सायकलीची चेन मोजा. तिथेही अर्धा इंचच! मग एकीची चेन दुसरीला का चालत नाही?

हान्स रेनॉल्ड या गृहस्थाने मँचेस्टरमध्ये १८८० साली फिरत्या रुळांची चेन तयार केली. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली याची 'रोव्हर' सायकल आली. चेनने मागचे चाक फिरवणारी ही सायकल म्हणजे आपल्या सायकलीची आजीच म्हणा ना. पुढे दोन खिळींमधले अंतर अर्ध्या इंचावर स्थिरावले, ते आजतागायत. बदलत गेली ती रुंदी. साध्या सायकलीचा दाता एक अष्टमांश इंचाच्या चेनसाठी असतो. गिअरच्या सायकलीवर चक्रे एकमेकांना चिकटून बसवायची, म्हणून तिथे चेन अरुंद लागते.

एकच चेन या चक्रावरून त्या चक्रावर ढकलायची, ही युक्ती युरोपात रुजली. फ्रान्सच्या प्रसिद्ध सायकलशर्यतीत मात्र तिला १९३७ सालापर्यंत मज्जाव होता! त्या काळची गिअरची तरफ कुठेही थांबे. स्वार कानाने अंदाज घेई. खरखर थांबली की झाले. त्यामुळे एका कारखान्याची तरफ आणि दुसऱ्याची चक्रे यांचे बहुधा जमून जाई.

डोंगरी सायकलीचा जन्मही अशाच जमवाजमवीतून झाला. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, मरीन परगण्यातल्या टॅमलपायस डोंगरावर काही तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली उतारावरून सोडीत. १९७६ साली त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. उतरताना मागच्या हबातले ग्रीस जळून जाई, ते पुन्हा भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच पडले 'रीपॅक'. वर चढायला त्यांनी सहलीच्या सायकलीचे गिअर लावले आणि ब्रेकला मोटारसायकलीच्या मुठी!

ही मोकळीक संपली ती जपानमुळे. सनटूर कंपनीने १९६४ साली तिरक्या चौकटीचा गिअरबदल्या काढला होता. त्याचे पेटंट १९८४ मध्ये संपले, आणि त्याच सुमारास साकाई गावच्या शिमानो कंपनीने 'टक्' आवाज करून नेमक्या जागी थांबणारी तरफ आणली. १९८७ साली ती डोंगरी सायकलीच्या संचातही आली. सोय उत्तम झाली, पण आता तरफ, गिअरबदल्या आणि चक्रे एकाच मापाची हवीत.

शिक्षकमंडळींनी वर्गात हा हिशेब जरूर घालावा. शिमानोच्या सात चक्रांच्या संचात दोन चक्रांच्या मध्यांत ५ मिलिमीटर अंतर असते, आठांत ४.८, नऊंत ४.३५. सात चक्रांना आठची तरफ लावली, तर सहा टकांत चूक होते १.२ मिलिमीटर, नीट बसवले तर निभावते. नऊची लावली तर चूक ३.९. म्हणजे जवळजवळ एक अख्खे चक्रच हुकले! शिमानोच्या डोंगरी गिअरबदल्यात नऊ चक्रांपर्यंत तारेच्या ओढीचे प्रमाण तेच राहिले. २०१० च्या दहा चक्रांच्या संचात ते बदलले. जुनी सायकल नव्याने जुळवणाराने हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

माझ्याजवळ १९९० च्या सुमाराची सात चक्रांची सायकल आहे. मी मोठ्या हौसेने नवी चेन घातली आणि चक्रे जुनीच ठेवली. पहिल्याच चढावर चेन दात्यांवरून निसटली आणि गुडघा हँडलवर आपटला. दोष माझाच. चोवीस अंतरे म्हणजे बारा इंच. ती एक सोळांश इंच जास्त भरली की चेन बदलावी; एक अष्टमांश भरेपर्यंत थांबलो, तर झिजलेल्या चेनने चक्रेही खाल्लेली असतात. मग दोन्ही बदलणे आले.

शेवटी मी चक्रे नवी घेतली. चेन आठ गिअरांची घातली, ती सातांना खुशाल चालते. जुनी टक्टक् करणारी तरफ मोडली होती. तिच्या जागी न थांबणारी, जुन्या धाटणीची तरफ बसवली. गिअर बदलताना थोडी खरखर होते. मग मी तरफ केसभर मागे घेतो.