सायलेन्सर नेमका कोणाच्या कानासाठी?

गाडीच्या पोटाखालून मागे जाणाऱ्या त्या डब्याला अमेरिकेत मफलर म्हणतात आणि इंग्लंडमध्ये सायलेन्सर. आपण इंग्रजांचा शब्द उचलला. गंमत म्हणजे आपल्याकडे हा शब्द बहुतेक वेळा आवाज वाढवायच्या गप्पांतच ऐकू येतो. "सायलेन्सर बदलला" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : साउंड कसा आहे?

हा डबा आला कुठून, हे पाहायचं तर 1890च्या दशकातल्या अमेरिकेत जावं लागतं. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावात मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज हे भाऊ पुली बनवायचे. 1896 मध्ये त्यांनी स्वतःची मोटार बनवली. ती इतकी कडाडायची की रस्त्यावरचे घोडे बुजायचे. मग दोघांनी आवाज दाबणारं साधन तयार केलं आणि 11 मे 1897 रोजी त्याचं पेटंट मिळवलं. या गोष्टीत मला एकच तपशील महत्त्वाचा वाटतो. सायलेन्सर चालवणाऱ्याच्या सोयीसाठी आलेला नाही. ज्यांचा त्या गाडीशी काही संबंध नव्हता, त्यांच्यासाठी तो आला.

चालवणाऱ्यांनीही फार वेळ लावला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटारींना 'कट-आउट' नावाची झडप मिळायची. पायाने दाबली की धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर. सायलेन्सर इंजिनाची ताकद खातो, चढावर ती परत मिळवायची, असं कारण दिलं जायचं. गावात शिरतानाही अनेकांचा पाय त्या झडपेवर असायचा. शेवटी अमेरिकेतल्या शहरांनी कट-आउटवर बंदी घालायला सुरुवात केली. म्हणजे 'आफ्टरमार्केट साउंड' ही रील्सच्या जमान्यातली खोड नाही. सायलेन्सर आणि त्याला बगल देणारी ही झडप जवळपास एकाच वयाची आहेत.

आता जीपकडे येऊ, कारण आपल्याकडच्या ऑफ-रोडिंगची वंशावळ तिथून सुरू होते. 1941 पासून विलीज एमबी युद्धासाठी हजारोंनी बनू लागली. खोल पाण्यात उतरवायच्या जीपला हवा घेणारी आणि धूर सोडणारी अशा दोन्ही नळ्या वर चढवल्या जायच्या. तिथे एक्झॉस्ट बदलण्यामागे जीव वाचवणं हे कारण होतं. 1947 मध्ये महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. पुढे त्याच घराण्यातून आपल्याच नाशिकमध्ये बनणारी थार आली, आधी 2010 मध्ये आणि मग नव्या रूपात 2 ऑक्टोबर 2020 रोजी.

माझ्या चुलतभावाकडे ही नवी थार आहे, दोन लिटर टर्बो पेट्रोल. आम्ही सिडकोत एकाच घरात राहतो, ते खाली आणि आम्ही वर. गेल्या वर्षी त्याने नवा एक्झॉस्ट बसवायचं ठरवलं आणि इंजिनिअर म्हणून मला गॅरेजात उभं केलं. माझी डिग्री कॉम्प्युटरची आहे हा मुद्दा त्याने ऐकून घेतला नाही.

काम दिसायला सोपं होतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्याचे सेन्सर जागेवर ठेवायचे, फक्त त्यामागची नळी आणि डबा बदलायचा. कन्व्हर्टर काढला की डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो आणि बीएस-6 गाडीचा सगळा अर्थच संपतो. गंजलेल्या बोल्टांनी अर्धी सकाळ खाल्ली. जुना डबा रबरी हँगरवरून उतरला तेव्हा त्याचं वजन हाताला कळलं. आत कप्पे, भोकाच्या नळ्या, आवाज शोषणारं भरण. धुराचा प्रत्येक ठोका त्यात पसरतो, आपटतो, थकतो आणि मग बाहेर पडतो. नवा डबा स्टेनलेस स्टीलचा, हलका आणि जवळपास सरळसोट. ऑफ-रोडला त्याचा खरा फायदा एवढाच की नळी थोडी वर बसली आणि दगडावर घासायची भीती कमी झाली. टर्बो गाडीत मागचा डबा बदलून जाणवेल एवढी ताकद सहसा वाढत नाही. भाऊ म्हणाला, "दादा, ताकद कोणाला पाहिजे? आवाज ऐक."

आवाज छान होता. म्हैसमाळच्या चढावर तर फारच छान. पण धुळे हायवेवर सहावा गिअर पडला आणि सुई 2,100 च्या आसपास स्थिरावली की केबिनमध्ये घुमायला लागायचं. गाणं नको, बोलणं नको, कन्नड येईपर्यंत डोकं जड.

यामागचं गणित सोपं आहे. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात एका फेरीत दोन स्फोट होतात. मिनिटाला 2,100 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 35 फेऱ्या आणि 70 ठोके. हा 70 हर्ट्झचा खर्ज आणि केबिनची पोकळी एका सुरात आली की घुमतं. त्यावर जुना उपाय आहे : मुख्य नळीला एक बंद तोंडाची फांदी जोडायची. लाट त्या फांदीत जाते, टोकाला आपटून परत येते, आणि लांबी बरोबर असेल तर मूळ लाटेच्या नेमकी उलटी होऊन तिला मारते. त्यासाठी फांदी तरंगलांबीच्या पाव हिस्सा हवी. तापलेल्या धुरात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 500 मीटर धरला, तर 500 भागिले 280, म्हणजे सुमारे 1.8 मीटर. वेल्डरने ती नळी इंग्रजी जे अक्षरासारखी वाकवून बसवली. हायवेवरचं घुमणं गेलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गणिताने काहीतरी लोखंडी हललं होतं.

पण घरात काका होते.

1985 मध्ये राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते वाळूजला बजाजच्या कारखान्याचं उद्घाटन झालं आणि तेव्हाच्या औरंगाबादची चाल बदलली. पुढे 2001 मध्ये शेंद्र्याला स्कोडा आली. 2010 मध्ये एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या म्हणून हे शहर देशभर गाजलं. त्या बातम्यांत नसलेलं एक शहर मात्र पाळ्यांवर चालत होतं. पहिली, दुसरी, तिसरी. काका त्या शहराचे. वाळूजच्या एका प्रेस शॉपमध्ये त्यांची अनेक वर्षं गेली. त्यांना वरचे सूर आता नीट ऐकू येत नाहीत, कुकरची शिट्टी काकू हाताने खूण करून सांगतात. तिसरी पाळी करून ते सकाळी साडेसातला झोपतात. भाऊ आठला गाडी काढतो.

थंड इंजिन सुरू होताना 1,200 च्या आसपास फिरतं. म्हणजे 40 हर्ट्झ. आमची 1.8 मीटरची फांदी 70 साठी कापलेली, तिला 40 चं काही देणंघेणं नाही. आणि इतका खालचा सूर भिंतीलाही फारसा जुमानत नाही. काका म्हणाले, "मला ऐकू नाही येत रे. खिडकीची काच कळते. पलंग कळतो."

मी गणित केलं ते चालवणाऱ्याच्या आणि शेजारी बसणाऱ्याच्या कानासाठी. बाहेरच्या माणसाचा कान माझ्या समीकरणात नव्हताच. रीव्ह्ज बंधूंनी सुरुवात नेमकी तिथून केली होती.

कायदाही त्याच बाजूला उभा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 120 प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 190 मध्ये आवाजाची मर्यादा मोडल्यास शिक्षा आहे. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल कलम 52 नुसार चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. पण या नियमांची रात्र दहाला सुरू होते आणि सहाला संपते. काकांची रात्र साडेसातला सुरू होते. जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोड रोलर फिरवल्याचे फोटो आपण पाहतो, तरी काकांच्या झोपेचा खाना कुठल्याच चलनात नाही.

आमच्याकडे रोलर लागला नाही. एका रविवारी भावाने जॅक लावला, क्लॅम्प सोडले आणि कंपनीचा जड डबा परत चढवला. काका पाना धरून शेजारी बसले होते आणि नव्या डब्याचं वेल्डिंग किती साफ आहे, ते बोटाने पाहत होते. "काम चांगलं केलंय पोराने," म्हणाले. तो चकचकीत डबा आता जिन्याखाली आहे. भावाला तो विकवत नाही आणि मलाही माझी फांदी भंगारात द्यावीशी वाटत नाही.

तुम्हीही एक्झॉस्ट बदलायच्या विचारात असाल तर जुना डबा टाकून देऊ नका, कन्व्हर्टरला हात लावू नका आणि डेमोचा व्हिडिओ पाहून ठरवू नका. पार्किंगच्या वरच्या खोलीत कोण झोपतं आणि किती वाजता, एवढं आधी विचारून या.