दातेरी चाकांची जोडी आणि मावळातला महाशीर

श्रोतेहो, लोणावळा म्हटले की मुंबईकराला चिक्की आठवते. मावळातल्या माणसाला आठवतात ते तलाव. वळवण, शिरवता आणि लोणावळा या तलावांचे पाणी घाटाखाली नळांतून सोडून खोपोलीला 1915 साली वीज निघू लागली. पुढे याच परिसरात एका माशाची पैदास झाली. तो मासा म्हणजे महाशीर. कर्नल साइक्स यांनी 1839 साली पुण्याजवळच्या मुळामुठेतल्या या माशाची शास्त्रात नोंद केली आणि ‘खुद्री’ हे नाव लावले.

महाशीर मोठा जोरकस. गळाला लागला की मुसंडी मारतो नि दोरी खेचत नेतो. त्याला आवरायचे तर काठीला चकरी हवी. शौकीन तिला रीळ म्हणतात.

ही चकरी फार जुनी. चीनमधल्या मा युआन या चित्रकाराने 1195 च्या सुमारास काढलेल्या चित्रात होडीतल्या माणसाच्या काठीला ती दिसते. पण जुन्या साध्या चकरीत मूठ एकदा फिरवली की दोरीचे रीळही एकदाच फिरे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या केंटकीमध्ये जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने घड्याळातली युक्ती चकरीत आणली. मुठीला मोठे दातेरी चाक, रिळाला लहान. मोठ्याला 60 दाते आणि लहानाला 15 असले, तर मुठीच्या एका फेऱ्यात रीळ चार वेळा फिरणार. गुरुजनांनी गुणोत्तर शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

आता अशी जुनी चकरी दुरुस्त करायची झाली तर? भाग मिळत नाहीत, म्हणून दुसऱ्या मोडक्या चकरीतले चाक काढून बसवतात. ते दिसते तसेच असते, पण दोन दिवसांत दाते झिजतात. का बरे?

म्हणून आधी ओळख पटवावी. एका दात्यावर शाईचा ठिपका द्यावा आणि तिथून मोजावे. सरळ दात्यांच्या नेहमीच्या चाकाची खूण सोपी आहे: दात्यांच्या संख्येत 2 मिळवा आणि चाकाच्या बाहेरच्या व्यासाला त्या बेरजेने भागा. 60 दात्यांचे चाक 31 मिलिमीटरचे असेल तर उत्तर 0.5 येते. 15 दात्यांचे चाक 8.5 मिलिमीटरचे असेल तर तेच उत्तर. म्हणजे दाते एका मापाचे.

वेग कमी करून जोर वाढवायचा असेल, तर त्याच मापाची 50 आणि 25 दात्यांची जोडी घ्यावी. बेरीज पुन्हा 75, म्हणून दोन आसांमधले अंतर तेच राहते. फेरे मात्र चाराऐवजी दोन. दाते तिरके असतील आणि आस समांतर असतील, तर एका चाकाचे दाते डावीकडे झुकलेले हवेत आणि दुसऱ्याचे उजवीकडे. आणि मुख्य गोष्ट, झिजलेल्या चाकाशी नवे चाक जुळत नाही. बदलायची ती जोडीच.

हीच गोष्ट माशाच्या बाबतीतही घडली. धरणांनी नद्या अडल्या, महाशीर कमी झाला. तेव्हा लोणावळ्यात 1970 च्या सुमारास मत्स्यतज्ज्ञ चिं. वि. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुद्री महाशिराची कृत्रिम पैदास साधली. काम मोलाचे होते. इथली पिल्ले दूरच्या नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. पण कावेरीचा महाशीर वेगळा, पाठीवर कुबड असलेला. तो नेमका कोणत्या जातीचा, याचा उलगडा शास्त्रज्ञांना 2018 साली झाला. तोवर आपल्या मावळच्या माशाने तिथे बस्तान बसवले होते, आणि कुबडवाला त्याच वर्षी अतिसंकटग्रस्त ठरला. धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून होणारी मासेमारी ही कारणेही आहेतच. पण परक्या पिल्लांचा वाटा तज्ज्ञ मोठा मानतात.

चकरीतले चुकलेले चाक संध्याकाळी काढून ठेवता येते. नदीत सोडलेला मासा परत वेचता येत नाही. तेव्हा कुणी तुमच्या गावच्या तळ्यात, नदीत मत्स्यबीज सोडायला आले, तर एवढे विचाराच: हा मासा कुठला, आणि आमच्या पाण्यात आधीपासून कोण आहे?