मराठी ई-मेल वाटेतच का अडतो?

मराठीत लिहिलेला ई-मेल 'पोहोचविता आला नाही' अशा इंग्रजी निरोपासह परत येतो, तेव्हा पाठविणारा प्रथम पत्ता तपासतो, मग फॉन्टला दोष देतो आणि अखेरीस तोच मजकूर रोमन लिपीत लिहून मोकळा होतो. रोमन मजकूर विनासायास पोहोचतो. त्यामुळे दोष मराठीचाच असावा, हा समज पक्का होतो. वस्तुतः फॉन्टचा संबंध अक्षर पडद्यावर कसे दिसते एवढ्यापुरताच असतो. वाटेत अडतो तो अक्षरामागील संकेत, आणि तो कसा न्यावा याविषयी दोन सर्व्हरांचे एकमत नसते.

या मतभेदाचे मूळ ई-मेलच्या आरंभकाळात आहे. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये 'आरएफसी ८२१' या दस्तऐवजात एसएमटीपी ही टपालवहनाची नियमावली मांडली, तेव्हा आस्की संचातील १२८ चिन्हे पुरेशी मानली गेली. ती सात बिटांत बसतात. यूटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि त्या प्रत्येक बाइटमध्ये आठवा बिटही वापरात असतो. 'क्ष' हे अक्षर एकच दिसत असले, तरी संकेतांच्या हिशेबात ते क, हलन्त आणि ष मिळून नऊ बाइटांचे होते.

यावरची तोड १९९२ मध्ये नॅथनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी मांडलेल्या माइम या मानकाने काढली. बेस-६४ पद्धतीत तीन बाइटांची चार साधी आस्की चिन्हे होतात आणि पोहोचल्यावर ती पुन्हा उलगडली जातात. कोटेड-प्रिंटेबल ही दुसरी पद्धत इंग्रजीला सोयीची, पण देवनागरीच्या एका चिन्हासाठी तिला नऊ चिन्हे खर्चावी लागतात. पुढे '८बिटमाइम' ही सवलत आली. दोन्ही सर्व्हरांना ती मान्य असेल, तर मजकूर न बदलता थेट जातो. पुढच्या सर्व्हरला ती मान्य नसेल, तर आधीच्या सर्व्हरने मजकूर रूपांतरित करावा अथवा परत पाठवावा, असा नियम आहे.

विषयाच्या ओळीची कथा निराळी. ती शीर्षभागात येते आणि तिथे आस्कीखेरीज काही नसावे, हा जुना दंडक होता. म्हणून मराठी विषय विशिष्ट वेष्टनात गुंडाळला जातो. अशा एका वेष्टनाची कमाल लांबी ७५ चिन्हे असते. बेस-६४ वापरल्यास त्यात देवनागरीची जेमतेम १५ चिन्हे मावतात. 'वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना' एवढ्या विषयालाही एकाहून अधिक वेष्टने लागतात. निष्काळजीपणे लिहिलेली प्रणाली बाइट मोजून मध्येच कातरते आणि एखादे अक्षर दुभंगते. काही प्रणाली वेष्टनाच्या फंदात न पडता विषय कच्च्या यूटीएफ-८ मध्येच धाडतात. असा मेल नेण्यासाठी 'एसएमटीपीयूटीएफ८' ही २०१२ मध्ये मानक ठरलेली सवलत पुढच्या सर्व्हरकडे असावी लागते. ती नसल्यास दोन्ही पत्ते अगदी रोमन असले तरी केवळ विषयापायी मेल परत येऊ शकतो.

पत्ताच देवनागरीत असेल, तर या सवलतीवाचून पर्यायच नाही. 'डॉट भारत' ही नावे २०१४ पासून मिळू लागली. पत्त्यातील अशा डोमेन भागाचे प्युनिकोड पद्धतीने रोमन रूपांतर करता येते. व्यक्तीच्या नावाच्या भागाला मात्र असे सर्वमान्य रूपांतर नाही. जीमेलने अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार २०१४ मध्ये खुला केला, पण केवळ दोन टोके सज्ज असून भागत नाही. कार्यालयाच्या प्रवेशद्वारावरचा सर्व्हर ही सवलत जाहीर करतो आणि त्यामागील विषाणू-तपासनीस ती ओळखतच नाही, हा प्रकार विशेष फसवा. मेल आत घेतला जातो आणि मग उंबरठ्याच्या आतून परत फिरतो.

ओळीची लांबी हे आणखी एक दुर्लक्षित कारण. एका ओळीत ९९८ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजीत तेवढ्यात दीर्घ परिच्छेद बसतो. मराठीत, रूपांतर न केल्यास, साडेतीनशेच्या आसपास चिन्हांनंतरच ती ओलांडली जाते.

निदानासाठी परतीच्या निरोपातील तीन आकडी सांकेतिक क्रमांक पाहावा. ५.१.१ असल्यास पत्ता चुकीचा आहे. ५.६.७ म्हणजे आस्कीबाहेरचा पत्ता अमान्य आणि ५.६.३ म्हणजे रूपांतर आवश्यक असूनही ते शक्य नाही. क्रमांक संदिग्ध असल्यास तीन मेल पाठवून पाहावेत: पहिला पूर्ण रोमन, दुसरा रोमन विषय व मराठी मजकूर असलेला, तिसरा मराठी विषयाचा. कोणता अडतो, यावरून दोषाची जागा कळते. प्रशासकाने त्या वेळची सर्व्हरची नोंद उघडून, समोरच्याने अभिवादनानंतर कोणत्या सवलती जाहीर केल्या होत्या, ते वाचावे.

उपायही बहुधा प्रशासकाच्याच हाती असतो. मजकूर आरंभीच बेस-६४ मध्ये बांधावा आणि विषय वेष्टनात घालावा. यामागे आणखी एक कारण आहे. मेलवर डीकिम ही डिजिटल स्वाक्षरी झाल्यानंतर वाटेत कोणी मजकुराचे रूपांतर केले, तर स्वाक्षरी जुळत नाही. मेल फॉरवर्ड झालेला असेल आणि पाठविणाऱ्या संस्थेचे धोरण कडक असेल, तर तो बनावट समजून नाकारला जाऊ शकतो. म्हणूनच स्वाक्षरीपूर्वी सात बिटांत रूपांतर करावे, असा सल्ला २०११ च्या डीकिम मानकात आहे.

मेल पोहोचला पण वाचता येत नाही, अशा वेळी तो पुसून टाकण्याची घाई करू नये. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्यापुढे चलनाचे चिन्ह अशी जोडी ओळभर दिसत असेल, तर यूटीएफ-८ देवनागरी पश्चिम युरोपीय संचात उघडली गेली आहे. संकेत शाबूत असल्याने योग्य संच निवडताच मजकूर सहसा परत मिळतो. अक्षरांच्या जागी केवळ प्रश्नचिन्हे असतील आणि मेलच्या मूळ स्वरूपातही तीच आढळत असतील, तर वाटेतल्या कोणीतरी मूळ संकेतच टाकून दिले आहेत. त्या प्रतीतून काहीही सावरता येत नाही. तो मजकूर पाठविणाऱ्याकडूनच पुन्हा मागवावा लागतो.